हॉस्पिसमधली पहिली ड्युटी : नव्या मावशी-मामांसाठी

मोठ्या हॉस्पिटलात काम करून आलेल्या मावशी हॉस्पिसमध्ये रुजू झाल्या की पहिल्याच आठवड्यात हटकून विचारतात, "सिस्टर, या पेशंटला सलाईन का नाही लावलं?" प्रश्न रास्त आहे. हॉस्पिटलात सलाईन नसलेला पेशंट म्हणजे डिस्चार्जला निघालेला पेशंट. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण. इथे आजार बरा करण्याचे उपाय संपलेले असतात. शेवटच्या दिवसांत शरीराला जास्तीचं पाणी झेपत नाही. ते फुप्फुसात आणि पायांत साठतं, श्वास आणखी जड होतो. म्हणून सलाईन न लावणं हाही डॉक्टरांनी विचार करून घेतलेला निर्णय असतो. पण तोंड कोरडं पडू न देणं, कूस बदलणं, दुखतंय का बघणं, ही कामं थांबत नाहीत. उलट वाढतात, आणि त्यातली बहुतेक तुमच्या हातची असतात.

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालं, डॉ. एल. जे. डिसूझा यांचं शांती आवेदना सदन. पुढे त्यांची शाखा गोव्यातही झाली. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारी सेवा) केंद्र 1997 पासून आहे. अशा ठिकाणांशिवाय आता घरी जाऊन सेवा देणारी पथकं आहेत, आणि ब्युरोमार्फत, म्हणजे घरी मावशी-मामा पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, घरोघरी लागणाऱ्या ड्युट्या तर असंख्य. तुम्ही कुठेही लागा, कामाचा गाभा एकच: बघायचं आणि सांगायचं. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा पेशंटपाशी काही मिनिटं थांबतात, सिस्टरकडे बाकीचा वॉर्ड असतो. आठ किंवा बारा तास उशापाशी तुम्हीच असता. तुम्ही जे बघाल आणि वेळेत सांगाल, त्यावर औषध ठरतं.

रुजू होण्याआधी

रुग्णसहायकाचा किंवा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला असेल तर उत्तमच. काही संस्था स्वतःच शिकवून घेतात. पण आधी तीन गोष्टी करा. हिपॅटायटिस बीची लस घ्या: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. संस्था देत असेल तर मागून घ्या. नखं कापा, अंगठ्या आणि बांगड्या घरी ठेवा, कारण पेशंटची कातडी कागदाइतकी पातळ झालेली असते आणि बांगडीची कडही तिला फाडते. आणि एक छोटी वही घ्या, खिशात मावेल अशी.

घरातल्या माणसांनाही काम काय आहे ते सांगून ठेवा. कॅन्सर स्पर्शाने लागत नाही, हे सासूबाईंना एकदा नीट समजावलं की रोज संध्याकाळची कटकट वाचते.

ड्युटीवर आल्यावर

आधीच्या मावशीकडून हँडओव्हर उभ्याउभ्या, पेशंटच्या पलंगाशीच घ्या, दारात नको. लघवी किती वेळा झाली, शौच कधी झालं, काय खाल्लं, रात्री झोप लागली का, शेवटची कूस कोणती, हे विचारा. मग हात धुवा. साबणाने पूर्ण चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. सॅनिटायझर असेल तर वीस ते तीस सेकंद चोळा. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी, आणि ग्लोव्हज काढल्यावरसुद्धा.

पेशंटपाशी जाऊन नाव सांगा. त्यांना कसं हाक मारलेलं आवडेल ते विचारा. एखाद्या हेडमास्तरांना "आजोबा" आवडत नाही, त्यांना "सर" हवं असतं. कोणाला नुसतं "काका" पुरतं. बेशुद्ध पेशंटलाही सांगूनच हात लावायचा: "काकू, मी आता तुमचा हात उचलतेय." ऐकू येत असतं, असं धरूनच चालायचं. त्यामुळे पलंगाशेजारी उभं राहून "किती दिवस राहिलेत" असली चर्चा करायची नाही, नातेवाईक करू लागले तर त्यांना हलकेच बाहेर न्यायचं.

अंग पुसणं आणि कूस बदलणं

स्पंजिंगच्या आधी सिस्टरना विचारा, दुखण्याची गोळी दिली आहे का. दिली नसेल तर देऊ द्या आणि साधारण अर्धा तास थांबा. वॉर्डातलं वेळापत्रक त्या अर्ध्या तासाने मागे पडलं तर पडू दे. हाडात कॅन्सर पसरलेल्या माणसाला गोळीशिवाय वळवणं म्हणजे त्याला मुद्दाम दुखवणं.

पाणी कोपराने तपासा. डोळे आधी, नाकाकडून बाहेरच्या बाजूला. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि गुप्तांग सगळ्यात शेवटी, पुढून मागे. जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा ठेवा, बाकी पांघरुणाखाली. पडदा ओढा. बाईंचं स्पंजिंग बाईने आणि पुरुषांचं पुरुषाने हा शक्य तिथे नियमच समजा. शक्य नसेल तर परवानगी घ्या. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःची आंघोळ स्वतः केली, त्याला नॅपकिन हातात देऊन "तोंड तुम्ही पुसता का?" एवढं विचारलं तरी चेहरा बदलतो.

कूस बदलणं हे सगळ्यात जास्त वेळा करायचं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचं होणारं काम आहे. ते सावकाश शिका:

1. शक्यतो दोघं मिळून करा. पलंग वर घेता येत असेल तर कमरेच्या उंचीला आणा आणि ब्रेक लावा.
2. कॅथेटरची (लघवीची) नळी, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली फीडची नळी), ऑक्सिजनची नळी कुठून जाते ते आधी बघा आणि मोकळी करा.
3. पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर, म्हणजे ड्रॉ शीट, घातलेली असते. ती दोन्ही बाजूंनी घट्ट धरा आणि पेशंटला उचलून सरकवा. काखेत हात घालून ओढू नका. कातडी घासते आणि खांदा निखळतो.
4. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. तुमची कंबर तुम्हाला पुढे अनेक वर्षं वापरायची आहे.
5. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी लावून थोडं कलतं ठेवा, साधारण तीस अंश. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली उशी अशी लावा की टाच गादीला टेकणार नाही.
6. वेळ आणि कूस वहीत लिहा.

सर्वसाधारण नियम दर दोन तासांनी. एअर बेड असला तरी कूस बदलायचीच, फक्त किती वेळाने ते सिस्टर ठरवतील. वळवताना माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची हाडं, कानाची पाळी बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक. तसाच राहिला तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, लगेच सांगा. आपल्याकडे सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तिथे जास्त काळसर झालेली, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. अशा जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून चोळायची जुनी पद्धत अजून खूप ठिकाणी आहे. करू नका, आतल्या नाजूक रक्तवाहिन्या त्याने आणखी दुखावतात. ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणं आणि बसायला हवेची रिंग देणं हेही सोडा; त्याने दाब कमी होत नाही, नुसता दुसरीकडे सरकतो.

अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत मात्र घड्याळ बाजूला ठेवावं लागतं. वळवल्यावर पेशंट कण्हत असेल आणि एकाच कुशीवर शांत असेल, तर सिस्टरना विचारून तिथेच राहू द्या.

तोंड, घास आणि घोट

तोंडाची निगा हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. मऊ ब्रश, नाहीतर बोटाला गुंडाळलेला ओला गॉज, दर दोन-चार तासांनी. कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात. ओठांना व्हॅसलीन, पण ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट काही न लावता सिस्टर देतील तेच लावा. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असते, औषधाने जाते, म्हणून सांगा. भूक नाही म्हणणारा पेशंट कित्येकदा तोंड सोलल्यामुळे खात नसतो.

भरवताना पेशंट उठून बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. लहान चमचा. घास गिळल्याचं बघूनच पुढचा. खोकला आला किंवा आवाज घशात पाणी भरल्यासारखा यायला लागला, तर थांबा आणि सांगा. बऱ्याच जणांना पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा नाचणीची आंबील गिळायला सोपी जाते. राइल्स ट्यूबने फीड देणं सिस्टरनी शिकवून, समोर उभं राहून बघितल्याशिवाय करायचं नाही. दिलंच तर डोकं वर उचललेलं हवं, आणि फीडनंतर निदान अर्धा तास तसंच.

घरच्यांचा जीव सगळ्यात जास्त खाण्यात अडकलेला असतो. "दोन घास तरी खा ना" म्हणून बायको रडकुंडीला येते, नवरा तोंड फिरवतो. तिला समजवा की आजार शरीर चालवायला लागला की भूक आपोआप मरते. न खाल्ल्याने ते जात नाहीत, जायला निघालेत म्हणून खात नाहीत. हे वाक्य कडवट वाटेल, म्हणून पहिल्यांदा सिस्टर किंवा समुपदेशकांना बोलू द्या. तुम्ही तिच्या हातात दुसरं काम द्या: सोलकढी आवडायची ना त्यांना, मग चमचाभर जिभेवर टेकवा. पायांना तेल लावा. तिला काहीतरी करायचं असतं.

दुखणं ओळखणं

हॉस्पिसची आजची कल्पना ज्यांनी रुजवली त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घराचं आणि श्रद्धेचंही असतं, असं त्या सांगत. हे उशाशी बसलेल्याला रोज दिसतं. गोळी देऊनही रात्रभर तळमळणारा माणूस कधी कधी मुलीच्या लग्नाच्या कर्जाने तळमळत असतो.

बोलणाऱ्या पेशंटला शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारा. आकडे जमत नसतील तर "रुपयात किती आणे?" चालेल. न बोलणाऱ्याचं कपाळ बघा, मुठी बघा, वळवताना श्वास कसा होतो ते बघा. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे फार. तंबाखू, गुटखा, मिश्री. त्यातल्या काहींच्या गळ्याला छिद्र केलेलं असतं, आवाज निघत नाही. त्यांच्या उशाशी पाटी-पेन्सिल आणि एक घंटी ठेवा.

मॉर्फिन हे जोरदार दुखण्यावरचं औषध. त्याचं नाव ऐकून नातेवाईक घाबरतात, आता शेवटचंच औषध दिलं म्हणतात. तसं नाही, नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फिनवर माणसं महिनोन् महिने हिंडती-फिरती राहतात. तरीही गोळी तुम्ही स्वतःहून द्यायची नाही आणि चुकवायचीही नाही. वेळ झाली की सिस्टरना आठवण करा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच. तीन दिवस शौच नाही, तर सांगा. बरेच दिवस खडा धरलेल्या पेशंटला अचानक पातळ पाण्यासारखं होऊ लागलं तर जुलाब समजून पोट साफ व्हायचं औषध बंद करायला कोणाला सांगू नका. बऱ्याचदा कडक मळाच्या बाजूने पाणी झिरपत असतं. सिस्टर तपासतील.

बेशुद्ध पेशंट एकाएकी अस्वस्थ झाला, पांघरूण ओढू लागला, पाय झाडू लागला, तर झोपेच्या इंजेक्शनचा विषय निघण्याआधी एक बघा: कॅथेटरची नळी मांडीखाली दबली आहे का? पिशवीत तासाभरात काही आलंय का? ओटीपोट फुगलंय का? नळी सोडवली की पाच मिनिटांत शांत झोपलेले पेशंट मी पाहिलेत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली लटकलेली असावी, जमिनीला टेकू नये.

काहींच्या छातीला किंवा दंडाला फेंटानिल या दुखण्यावरच्या औषधाचा पॅच असतो, साध्या चिकटपट्टीसारखा दिसतो. त्यावर शेकायची पिशवी कधीही ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर अंगात जातं, श्वास मंदावू शकतो.

जखम आणि वास

गाल फाटून बाहेर आलेली जखम पहिल्यांदा बघाल तेव्हा पोटात ढवळेल. बाहेर जाऊन दोन मिनिटं श्वास घ्या, परत या. पेशंट तुमचा चेहराच बघत असतो, त्याला त्या वासाची स्वतःलाच लाज वाटत असते. ड्रेसिंग सिस्टर करतील; तुम्ही खिडकी उघडा, माशा येऊ देऊ नका, भिजलेला गॉज लगेच पिवळ्या पिशवीत टाका. अत्तर किंवा अगरबत्तीने वास जात नाही, दोन वास मिसळून जास्त मळमळतं. जखमेवर डॉक्टर मेट्रोनिडाझोल देतात, त्याने खरा फरक पडतो, म्हणून वास वाढला की कळवा. आणि ऑक्सिजन चालू असेल तिथे अगरबत्ती, निरांजन, काडी काहीही पेटवायचं नाही, देव्हारा कितीही जवळ असो.

मानेवरच्या जखमेतून एकदम रक्त येऊ शकतं. सिस्टरनी अशी सूचना दिलेल्या पेशंटपाशी गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवतात, पांढऱ्या कपड्यावरचं रक्त पेशंटला आणि घरच्यांना जास्त घाबरवतं म्हणून. वेळ आली तर टॉवेल दाबून धरा, दुसऱ्याला हाक मारा, पेशंटला एकटं सोडू नका.

"मावशी, मी बरा होईन ना?"

हा प्रश्न डॉक्टरांना विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात. रात्री दोन वाजता. अनेकदा घरच्यांनी बजावलेलं असतं, "त्यांना काही सांगू नका." तुम्ही निदान सांगायचं नाही, तो तुमचा अधिकार नाही. पण "हो हो, पुढच्या महिन्यात घरी जाल" हेही म्हणायचं नाही. खुर्ची ओढून बसा. विचारा, "आज असं का वाटलं, काका?" मग गप्प राहा. बहुतेक वेळा माणसाला उत्तर आधीच ठाऊक असतं, त्याला पुढचं बोलायचं असतं: भावाशी अबोला आहे, जमिनीचे कागद कपाटात आहेत, नातीला बघायचंय. ते सकाळी सिस्टरना सांगा, म्हणजे भावाला बोलावता येतं. "डॉक्टरांना विचारायला मी सांगू का?" हे वाक्य तुमच्या हक्काचं आहे, वापरा.

पेशंटचा फोटो, त्यांच्यासोबतचा सेल्फी, व्हॉट्सॲप स्टेटस यातलं काहीही नको. घरच्यांनी प्रेमाने दिलेले पैसे किंवा दागिना घेऊ नका; डब्यातला लाडू घ्यायला हरकत नाही.

शेवटचे दिवस

माणूस जास्त वेळ झोपतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. लघवी कमी आणि गडद होते. श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो, मधलं अंतर वाढतं. घशात घरघर येते. ती साठलेल्या लाळेची असते, पेशंटला त्याचा त्रास कमी आणि ऐकणाऱ्यांना जास्त होतो. कुशीवर कलतं करा, सिस्टरना सांगा. धाप लागत असेल तर छोटा पंखा चेहऱ्यावर धरा, दार-खिडकी उघडा, उशाशी गर्दी कमी करा.

या वेळी घरचे गंगाजलाची वाटी घेऊन येतात. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. अडवू नका, पद्धत दाखवा: कापसाचा बोळा बुडवून ओठांवर आणि जिभेवर टेकवायचा, तुळशीचं पान ओठांवर ठेवायचं. मुस्लिम घरांत झमझमचं पाणी असंच देता येतं. ख्रिस्ती कुटुंब फादरना बोलावू पाहील, तर उशीर होण्याआधी विचारून ठेवा. कुटुंबाची काय रीत आहे हे पेशंट बरा बोलत असतानाच सिस्टरनी नोंदवलेलं असतं, ते वाचा.

श्वास थांबला असं वाटलं की वेळ बघून ठेवा आणि सिस्टरना बोलवा. "गेले" हा शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. डॉक्टर तपासून सांगतात. घरी ड्युटी असेल तर पेशंटला बघणाऱ्या डॉक्टरांना बोलवावं लागतं, त्यांनी दिलेल्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राशिवाय पुढचं काही होत नाही. संस्थेत तो नमुना 4 असतो, घरी 4 अ. डॉक्टरांचा फोन नंबर म्हणूनच पहिल्या दिवशी मागून घ्यायचा.

त्यानंतर घाई नको. डोळे मिटवा, कवळी बसत असेल तर बसवा, हातपाय सरळ करा. दोन-चार तासांत अंग ताठरू लागतं. अंग पुसायचं की नाही हे कुटुंबाला विचारा. मुस्लिम कुटुंबात गुस्ल, म्हणजे मृताची विधिवत आंघोळ, त्यांचीच माणसं घालतात, तिथे फक्त नळ्या काढलेल्या जागा स्वच्छ करून पांघरूण घालायचं. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी सिस्टर आणि नातेवाईक दोघांसमोर काढायची, लिहायची, सही घेऊन द्यायची. घरच्यांना बसायचं असेल तेवढं बसू द्या.

तुमचं स्वतःचं

एखादा पेशंट जास्त लळा लावतो. तो गेला की रडू येतं, त्यात गैर काही नाही. पण बोला, सिस्टरशी, बरोबरच्या मावशीशी. नाव न घेता घरीही बोला. झोप उडाली, जेवण जाईना, कामावर यायलाच नको वाटू लागलं तर तेही सांगायचं लक्षण आहे, पेशंटच्या लक्षणासारखंच.

ब्युरोमार्फत लागत असाल तर पहिल्या दिवशीच ठरवून घ्या: ड्युटी किती तासांची, ब्युरो किती कापणार, जेवण कोणाचं, आठवड्याची सुट्टी कोणती, आणि पेशंटच्या कामात घरातली भांडी-फरशी येते की नाही. शक्य तेवढं लेखी घ्या. रात्रपाळीला एकट्या जात असाल तर घरच्या कोणाचा तरी आणि ब्युरोच्या बाईंचा नंबर फोनवर वर ठेवा. कोणी अंगचटीला आलं तर ड्युटी सोडून निघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, तक्रारही करा. बारा तासांनंतर लागोपाठ दुसरी ड्युटी, "डबल", घ्यायला गळ घालतील. पैसा दिसतो, पण चोविसाव्या तासाला दबलेली नळी आणि बदललेला श्वास डोळ्यांना दिसत नाही. डबलला नाही म्हणा.